महिन्याचा पहिला सोमवार

लातूर आणि नांदेड या दोन जिल्ह्यांत आजवर जी माणसं जन्मालाच आली नाहीत, त्यांतल्या निम्म्यांचं श्रेय एकट्या आमच्या मावससासूबाईंकडे जातं, हे मी आकडेमोड न करता छातीठोकपणे सांगू शकतो. न जन्मलेल्या माणसांना सत्कार समारंभ भरवता येत नाही, ही त्यातली अडचण. नाहीतर शाल-श्रीफळांनी मावशींचं लातूरचं घर एव्हाना छतापर्यंत भरलं असतं. तीस वर्षं त्या सरकारी नर्सबाई होत्या. आधी रेणापूरकडच्या एका उपकेंद्रावर, मग उदगीरकडं, मग बदली होईल तिकडं. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात चांदीच्या इवल्या डबीत लिंग, खांद्याला खाकी पिशवी आणि त्या पिशवीत काय आहे ते कुणी विचारायच्या आत दाखवायची तयारी, अशी ती मूर्ती होती. निवृत्तीनंतर पिशवी सरकारजमा झाली. तयारी राहिली.

मावशींना संकोच नावाची वस्तू देवानं दिलीच नव्हती, आणि दिली असलीच तर त्यांनी ती मला देऊन टाकली असावी, कारण माझ्याकडे दोघांपुरती आहे. लग्नानंतरच्या पहिल्याच अधिक महिन्यात मला सासरी धोंडे-जेवणाला बोलावलं. अधिकाचं वाण तेहतीसचं असतं. मावशींनीही आपल्यातर्फे तांब्याच्या ताटात तेहतीस अनारसे ठेवून वर रुमाल झाकून मला वाण दिलं. सासरे भुसार व्यापारी. ताटात माल किती हे मोजल्याशिवाय त्यांचा हात राहत नसे. त्यांनी अनारसे उचलून मोजले आणि खाली आणखी तेहतीस चपटी पाकिटं निघाली. त्यांनी एक पाकीट डोळ्यांजवळ नेऊन मोठ्यानं वाचलं, "शासकीय पुरवठा, विक्रीसाठी नाही." मावशी माझ्या पानात तूप वाढत म्हणाल्या, "जावईबापू, घरचंच समजा. संपलं की सांगा." त्या बोलत असत 'तुम्ही, जावईबापू' अशा पूर्ण अदबीनं, आणि विचारत असत ते मात्र मला माझ्या डॉक्टरनंही कधी विचारलं नाही.

माझं स्वतःचं शौर्य सांगायचं, तर मी नांदेडच्या एका शाळेत भूगोल शिकवतो आणि दरवर्षी लोकसंख्येचा धडा तडफेनं घेतो. पण औषधाच्या दुकानात 'ती' वस्तू मागायची हिंमत मला नांदेडात कधी झाली नाही. गावात निम्मे दुकानदार माझे माजी विद्यार्थी. म्हणून मी लातूरला सासरी गेलो की तिथल्या एका लांबच्या चौकातल्या दुकानात जायचा बेत करत असे. पहिल्याच खेपेला तिथं माझ्यापुढं आमचे नांदेडचे शेजारी उभे. ते माझ्याकडं बघून खोकले. मीही खोकलो. दोघांनीही खोकल्याची एकेक बाटली घेतली आणि हवापाण्याविषयी बोलत बाहेर पडलो. अशा चार बाटल्या घरात जमल्यावर आमच्या हिनं मावशींना फोन केला. मावशी मला एवढंच म्हणाल्या, "जावईबापू, खोकल्याच्या औषधानं पाळणा लांबत नाही. लांबला असता तर मी तीस वर्षं पायपीट कशाला केली असती?"

एसटीत त्या बसल्या की शेजारच्या बाईचा पुढचा थांबा यायच्या आत तिची बाळंतपणं, त्यांतली गेलेली आणि राहिलेली, टाके आणि ताप, सगळं मावशींना ठाऊक झालेलं असे. अहमदपूरच्या स्टँडवर गाडी थांबली असता एकदा खुद्द कंडक्टर चहा घेऊन आला, हळूच म्हणाला, "सिस्टर, मंडळीला तांबी सहन होईना, दुसरं काय हाय का?" आणि गाडी दहा मिनिटं उशिरा सुटली. ड्रायव्हरनं कारण विचारलं नाही. त्याचाही नंबर बहुधा पुढच्या फेरीला होता.

अशा बाईला निवृत्तीनंतर पुण्याच्या एका संस्थेनं पाहणीच्या कामावर घेतलं. संस्थेला कुणीतरी मावशींचं नाव सुचवलं. मावशींचा स्वभाव मात्र कुणी संस्थेला सांगितला नाही. पाहणी मोठी गमतीची होती. संतती थांबवायची नवी साधनं जगात कुठं कुठं तयार होत आहेत, काही आली आहेत, काही अजून यायची आहेत. बाईनं स्वतःच स्वतःला टोचायचं इंजेक्शन, दंडात बसवायची काडी, अंगावर चिकटवायची पट्टी, आणि पुरुषानं खांद्याला चोळायचं मलम. असलं काही उद्या आपल्या गावात मिळू लागलं तर बाया घेतील का, एवढंच विचारायचं. उत्तरं चार: नक्की वापरेन, कदाचित वापरेन, वापरणार नाही, सांगता येत नाही. उत्तरं टॅबवर भरायची. आणि नियम असा की फक्त विचारायचं, सल्ला काही द्यायचा नाही. मावशींना सल्ला देऊ नका म्हणणं म्हणजे माशाला ओलं होऊ नको म्हणण्यासारखं होतं.

टॅब मावशींना चालवता येईना, म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत मी त्यांचा कारकून आणि ड्रायव्हर झालो. नांदेड जिल्ह्यातलं काम होतं बिलोली तालुक्यात, म्हणून मावशी आमच्याकडंच मुक्कामाला आल्या. पहिल्याच घरी मी टॅब उघडून आत बसलो, तर मावशींनी मला अंगणात काढलं. "जावईबापू, तुम्ही बाहेर लिंबाखाली बसा. गडी दिसला की बाया 'कदाचित' म्हणतात." तेव्हापासून त्या आत कागदावर लिहीत आणि मी संध्याकाळी ते टॅबमध्ये उतरवी. बाहेर लिंबाखाली मला गावातले पुरुष भेटत. त्यांना मलमाची बातमी कुठून तरी लागलेलीच असे. "मास्तर, त्या मलमाचं खरं हाय का हो?" एकानं विचारलं. खरं आहे म्हटल्यावर तो बराच वेळ आपल्याच खांद्याकडं बघत राहिला, मग म्हणाला, "आधी नांदेडच्या लोकायला लावून बघा."

कागदावरच्या चार चौकोनांना मावशींनी कधी फारसं मानलं नाही. त्या समासात लिहीत. संध्याकाळी ते समास वाचता वाचता माझ्या भूगोलाची पुरती वाट लागली. एकीनं म्हटलं होतं, रोजची गोळी ध्यानात राहत न्हाई, पऱ्हाटीतला कापूस वेचताना कोण आठवण करून देणार. दुसरीनं म्हटलं होतं, डोकं दुखू नये, अंग फुगू नये आणि पेटी उघडली तर सापडू नये, एवढं जमत असंल तर आजच द्या. मलमाविषयी एका बाईनं सांगितलं होतं, "येऊ द्या की. पण यानं चोळलं का न्हाई हे मला कसं कळंल? पोट तं माझंच दिसणार." पुण्याहून एका तरुणाचा फोन आला की 'इतर' या जागेत पन्नासच अक्षरं बसतात. मावशी म्हणाल्या, "मग बायांना कळवा बाळ, पन्नास अक्षरांत तकलीफ सांगत जा म्हणून."

त्याच फेरीत एका गावात सुमन भेटली. वय तेवीस-चोवीस. पदरात दोन मुली, त्यांच्यामधलं एक पोटातच गेलेलं, आणि अंगात रक्त असं नव्हतंच. डॉक्टरांनी सांगितलं होतं की निदान दोन वर्षं पुन्हा दिवस जाऊ देऊ नका, जिवावर बेतेल. घरात मात्र नातवाची वाट बघणं चालू होतं. नवरा वाईट नव्हता. आईच्या शब्दाबाहेर नव्हता, इतकंच. सुमनला दोन वर्षं पाहिजे होती, आणि ती कुणाला न कळता पाहिजे होती. कळलं तर माहेरी धाडतील, आणि माहेरी भावजयीचं राज्य. मावशींनी नियम गुंडाळून ठेवला आणि विचारलं, "तीन महिन्यांचं इंजेक्शन आजही मिळतं केंद्रावर. मग का नाही घेत?"

सुमन म्हणाली, "सिस्टर, त्यानं पाळी मागं-पुढं होते, एखादीची तं येतच न्हाई म्हणतेत. आमच्या घरात चार दिस बाजूला बसावं लागतं, वसरीच्या कोपऱ्यात. मी बसले न्हाई की सासू बोटं मोजाया लागती. मागल्या बारीला दोन दिस उशीर झाला तं तिनं देवापुढं नारळ ठेवला."

आता इथं एक गोष्ट सांगायला पाहिजे. माझं सासर लिंगायत, आणि त्यांच्यात हा विटाळ पाळत नाहीत. मावशी म्हणत, "गळ्यातलं लिंग काय चार दिवस खुंटीला अडकवायचं?" म्हणजे सबंध आयुष्यात त्या एकदाही बाजूला बसल्या नव्हत्या. बाजूला बसणं कसं असतं, कुणाच्या किती डोळ्यांसमोर असतं, त्याचे घरोघरचे हिशेब काय असतात, यातलं त्यांना काडीइतकं ठाऊक नव्हतं. पण जे ठाऊक नाही त्यावर सल्ला देताना माणसाचा आवाज जास्तच खणखणीत होतो. त्या म्हणाल्या, "सोपं आहे पोरी. पाळी येवो न येवो, महिन्याच्या पहिल्या सोमवारी आपलं आपण बाजूला बसायचं आणि पाचव्या दिवशी न्हाऊन घरात यायचं. सासूला बोटं मोजायला कामच नाही." सोमवार का, तर तो महादेवाचा वार, ध्यानात राहतो. दुसऱ्या दिवशी त्या स्वतः सुमनला आरोग्य केंद्रावर घेऊन गेल्या. डॉक्टरीणबाईंनी तिला तपासलं, सगळं समजावून सांगितलं आणि इंजेक्शन दिलं. परतताना मावशींनी मला ती युक्ती सांगितली तेव्हा मी "वा" म्हणालो. माझं मत कुणी विचारलं नव्हतं, तरी म्हणालो, हे नोंदवून ठेवतो.

सुमननं ही गोष्ट शेजारणीला सांगितली, शेजारणीनं पलीकडच्या घरी. आम्ही तिथून निघायच्या आत त्या गल्लीतल्या आणखी चार सुना केंद्रावर जाऊन आल्या. चौघींनीही मावशींना विचारलं, "आमी कवा बसावं?" आणि मावशींनी चौघींनाही प्रेमानं सुमनचंच उत्तर दिलं.

जून निभला. पेरणीच्या गडबडीत म्हाताऱ्यांनी मान वर केली नाही. जुलैत म्हणे थोडी कुजबुज झाली. ऑगस्टचा पहिला सोमवार नेमका श्रावणातला आला, आणि त्या सोमवारी उपास सोडण्याचा सैपाक महादेवाच्या देवळात करायची पाळी त्याच गल्लीची होती. सकाळी गल्लीतल्या म्हाताऱ्या उठून बघतात तर सुमनसकट पाचही घरच्या सुना आपापल्या ओसरीच्या कोपऱ्यात, भिंतीकडं तोंड करून, शहाण्यासारख्या बसलेल्या.

श्रावणी सोमवारी शाळा अर्धी असते. मी घरी येऊन चप्पल काढतोय तोवर मावशी पायात चप्पल घालून उभ्या. पाहणीच्या दुसऱ्या फेरीसाठी त्या आमच्याकडं आलेल्याच होत्या. सुमनचा फोन येऊन गेला होता, पदराखालून, अर्ध्या आवाजात. "सिस्टर, समद्या म्हाताऱ्या देवळात जमून राहिल्या. तुमचं नाव निघालं. सासू म्हणाली, आज सुनंचं काय ते बघते." मावशी मला म्हणाल्या, "गाडी काढा." जावईबापू म्हणायच्या विसरल्या, तेव्हाच मला कळलं की गोष्ट साधी नाही. दीड-दोन तासांच्या वाटेत त्या एकच वाक्य तीनदा बोलल्या. "माझ्यापायी पोरीला घराबाहेर काढतील."

देवळाच्या पडवीत दोन चुली पेटल्या होत्या. चार म्हाताऱ्या एका चुलीवर भाजीचं पातेलं ढवळत होत्या. दुसऱ्या चुलीपाशी सुमनची सासू, गयाबाई, एकटीच पोळ्या लाटत होती. कोपरापर्यंत पीठ, कपाळावर घाम. मी खांबाशी उभा राहिलो. शिव्या खायच्या झाल्या तर निम्म्या आपल्या, असं ठरवून आलो होतो. गयाबाईनं मावशींकडं वर बघितलं आणि जवळचं दुसरं पोळपाट पायानं पुढं सरकवलं.

"या सिस्टर. पोळ्या येतेत का तुम्हाला?"

मावशी बसल्या. लाटू लागल्या.

"साठ माणसाचा सैपाक," गयाबाई म्हणाली. "माझ्या मनगटात कळ निघून राहिली."

"माझी चूक झाली, बाई."

"कसली चूक?" गयाबाई खालमानेनंच म्हणाली. "मला काई ठाऊक न्हाई. आन सांगू बी नका. मला कळलं की मला बोलावं लागंल. मी बोलले की पोराच्या कानावर जाईल, आन पोराला कळलं की ती पोर माहेराला. म्हणून मला कळलेलं न्हाई. ध्यानात येऊन राहिलं का?"

मावशींचं लाटणं थांबलं होतं.

"लाटा, लाटा, तवा तापून राहिला," गयाबाई म्हणाली. "फकस्त एक सांगते. पाच घरच्या पाच बाया कवा एका दिशी बसत न्हाईत. सणाला तं बसतच न्हाईत, आदल्या दिशीच कायतरी खटपट करतेत. अन् दर महिन्याला सोमवारीच? पाळी म्हंजे काय सरकारी पगार हाय, ठरल्या दिशी यायला? ज्या बाईनं हे शिकवलं तिला आमच्यातलं काई म्हंजे काई कळत न्हाई."

"नाही कळत," मावशी म्हणाल्या. हे दोन शब्दांचं सत्य त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

"मंग ज्याला कळतंय त्याला इचारावं. एकीनं चार दिस आधी बसावं, एकीनं सहा दिस मागून. कंदी चुकवावं, कंदी दोन दिस लांबवावं. म्या सुनंला सांगू शकत न्हाई. तुम्ही सांगा." तिनं पोळी तव्यावर टाकली. "माझे सात झाले, सिस्टर. पाच हायेत. मला कुणी इचारलं न्हाई."

तेवढ्यात पलीकडच्या चुलीवरून एका म्हातारीनं आवाज दिला, "काय म्हणती गं नर्स? कबूल झाली का?" गयाबाईनं मान वळवली आणि गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ती म्हणती, आखाडात पाणी बदललं की आसं होतंय. समद्यांचंच मागं-पुढं झालंय. आपल्या बी येळंला व्हायचंच की. अन् माझी सून कुठं बी जात न्हाई, घरात काम लई पडलंय." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "मास्तर, उभं काय राहिलात, पाण्याची घागर आणा." मी घागर आणली. त्या दिवसातलं माझं कर्तृत्व तेवढंच.

दिवेलागणीला साठ माणसं जेवली. पोळ्यांपैकी ज्या लातूरच्या नकाशासारख्या होत्या त्या कुणी लाटल्या हे पंगतीत कुणी विचारलं नाही. मावशींनी निघताना सुमनच्या ओसरीसमोरून जाता जाता तिला नव्या तारखा सांगितल्या. गयाबाई त्याच वेळी परसात कशाला तरी गेली होती आणि बराच वेळ आली नाही.

परतीच्या वाटेवर मावशी नायगावच्या पुढं आल्यावर म्हणाल्या, "तीस वर्षं मी दारोदार 'हे घ्या' म्हणत फिरले, जावईबापू. वरून जे येईल ते. महिन्याला इतक्या तांब्या, इतकी ऑपरेशनं. 'तुला काय पाहिजे' हे विचारायला मला निवृत्त व्हावं लागलं. आणि तेही कागदावर छापून आलं म्हणून विचारलं." माझ्या लोकसंख्येच्या धड्यात हा प्रश्न कुठंच नव्हता.

गयाबाईचं बोलणं त्यांनी त्या पाहणीत कुठंच लिहिलं नाही. घरातल्या कुणाचा पाठिंबा आहे का, असा एक प्रश्न होता. सुमनच्या कागदावर त्यांनी तिथं 'नाही' अशीच खूण केली. मी विचारलं तर म्हणाल्या, "त्या बाईनं मला सांगितलंय की तिला ठाऊक नाही. माझ्या हातून ते कागदावर कसं जाईल?"

याला आता अडीच वर्षं झाली. पाहणीचा अहवाल आला, त्यात बायांना नव्या साधनांची मोठी गरज आहे असं म्हटलं होतं, म्हणजे मावशींचे समास कुणीतरी वाचले असावेत. मलम अजून आलेलं नाही. मावशींचे गुडघे गेले, फिरणं बंद झालं. लातूरच्या घरी खिडकीपाशी खुर्ची टाकून बसतात आणि रस्त्यानं जाणाऱ्या लेकुरवाळ्यांकडं बघतात. कानांनीही आता पहिल्यासारखं नाही. गेल्या महिन्यात आम्ही गेलो होतो तेव्हा सुमनचा फोन आला. ऐकू यावं म्हणून मावशींनी तो मोठ्या आवाजावर ठेवला.

"सिस्टर, औंदा म्या इंजेक्शन बंद केलं," सुमन सांगत होती. "रक्त भरलंय आता, डॉक्टरीणबाईनं बी बघितलं. आता मला पाहिजे एक."

मावशी एकदम ताठ झाल्या. "कोण म्हणालं? सासू?"

"न्हाई."

"नवरा?"

"न्हाई हो. म्याच म्हणाले."

मावशींनी फोन कानाशी धरला, मग पुन्हा समोर धरला. मूल थांबवणाऱ्या हजारो बायांची नावं त्यांनी आपल्या हातानं लिहिली होती. मूल पाहिजे, असं आपण होऊन सांगायला त्यांना एकीनंही कधी हाक मारली नव्हती. आमची ही आतून चहा घेऊन आली, तिला त्यांनी हातानंच थांब म्हटलं.

"नीट ऐकू आलं नाही पोरी," त्या म्हणाल्या. "कोण म्हणालं?"

"म्या, सिस्टर. म्या म्हणाले."

हे दाराशी बसलेल्या मलाही स्पष्ट ऐकू आलं होतं. मावशींनी तिला तिसऱ्यांदा विचारलं.